आवरायच्या राहिलेल्या भावल्या

फौजेतून निवृत्त होऊन मी सांगलीत घर बांधलं, पण संशय घेण्याची सवय काही निवृत्त झाली नाही. कुरिअरवालाही माझ्या दारात दोनदा नाव सांगतो. त्यात जपानला नोकरीला गेलेली लेक परत आली आणि येताना दोन भावल्या घेऊन आली. राजा आणि राणी, रेशमी कपड्यांतले. मार्चच्या सुरुवातीला तिकडं भावल्यांचा सण असतो म्हणे. मुलींचं भलं व्हावं म्हणून घरोघरी लाल कापडावर त्या मांडतात.

बायकोने त्यांची गौरीच केली. राणीला हळदीकुंकू लावलं, शेजारणींना बोलावलं. इथवर ठीक होतं. पण सण उलटून गेला तरी भावल्या बाहेरच्या खोलीत तशाच. अहो, गौरीसुद्धा तिसऱ्या दिवशी आपल्या घरी जाते! "कधी आवरायच्या?" असं विचारलं, तर लेक म्हणाली, "राहू द्या की, पप्पा." आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं.

माझ्या मनात पाल चुकचुकली. कुणी दिल्या असतील हिला? एकुलती एक लेक तिकडच्या कुणाचा तरी हात धरून कायमची जाईल, ही धास्ती मला आधीपासूनच होती. राजाला उलटा करून बघितला. खाली त्यांच्या लिपीत काहीतरी लिहिलेलं. मोबाइलकडून वाचून घेतलं, तर ते दुकानाचं नाव निघालं. मग त्या सणाचीच माहिती शोधली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. सण झाल्यावर भावल्या वेळेत आवरल्या नाहीत, तर घरातल्या मुलीचं लग्न लांबतं, अशी तिकडची समजूत! आणि इकडं रविवारी कराडचे पाहुणे तिला बघायला येणार.

दोघांनाही खोक्यात घालून मी माळ्यावर टाकलं. सकाळी बघतो तर भावल्या पुन्हा जागेवर, वर राणीला ताजं कुंकू.

मी लेकीला समोर उभं केलं. "कोण आहे तिकडं तुझा? सांग!"

पदराला हात पुसत बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"तिच्यावर का वरडताय? मी मांडल्या. तिचं कुणीबी न्हाई. तिला एवढ्यात लगीन करायचं न्हाई, एवढंच हाय."

"मग तसं मला सांगायचं!"

"आवं, तुमास्नी सांगायचं भ्या वाटतंय तिला. म्हणून तर भावल्यास्नी सांगितलं."