दमकलच्या जागेवर आमच्या सह्या

वाचल्याशिवाय सही करू नये आणि कोऱ्या जागेखाली तर मुळीच करू नये, हे मी ऑफिसात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आले. गोड आवाजात नाही, खडसावूनच. "भैया, ऊपर पूरा खाली है, नीचे काहे को साइन मार रहे हो?" म्हणून कितीतरी लोकांना मी टेबलावरून परत पाठवलं असेल. आणि तीच मी एका संक्रांतीला, माझ्याच घरात, कोऱ्या कागदाखाली पहिल्या नंबरवर सही करून मोकळी झाले. हे सांगताना अजूनही माझी कानशिलं तापतात.

नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि माझी बदली नव्या कॉलन्यांचे नकाशे मंजूर करणाऱ्या ऑफिसात झाली. तेव्हा शहराबाहेर शेतं जाऊन नुसत्या कमानी उभ्या राहत होत्या. कमानीच्या आत घरं, घरांना ग्रिल, आणि आग लागली तर दमकल, म्हणजे आगीचा बंब, येणार जुन्या शहरातून, सदर बाजाराकडच्या स्कूटरींच्या खिचडीतून वाट काढत. आमच्या तेव्हाच्या साहेबांनी एक प्रस्ताव काढला. जो बिल्डर कॉलनी टाकेल त्याने अग्निशमन शुल्क भरायचं, शिवाय एक प्लॉट सोडायचा, आणि त्या पैशातून त्याच भागात दमकलचं छोटं केंद्र उभं करायचं. ती फाइल मी टाइप केली, आणि ती मंजूरही झाली. टाइप करताना मनात म्हटलं, बरोबर आहे, घरं विकून गब्बर होणार तू, मग ती विझवायची सोयही तूच कर ना बाबा.

त्या फाइलीवर माझा जीव होता, त्याला कारण आई.

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. बाबा रेल्वेत, म्हणून घर रायपूरच्या गुढियारीत. मी कॉलेजात शिकत होते तेव्हा एक दिवस घरात स्टोव्ह भडकला आणि पडद्याने पेट घेतला. आईने तो पडदा हातांनीच ओढून काढला. दमकल निघाली होती, पण मालाच्या ट्रकांमागे अडकून बसली. ती पोचली तोवर पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, लोकांनी बादल्यांनी आग विझवली होती. मी वर्गातून धावत आले तर आई बाहेरच्या ओट्यावर दोन्ही हात पुढे धरून बसलेली. रडत नव्हती. नंतर तिची बोटं आखडली ती कायमची. पेला दोन तळव्यांत धरून पिते, सही करायची तर अंगठा देते. बाबा गेल्यावर मी तिला माझ्याकडे आणलं.

घर घ्यायची वेळ आली तेव्हा नवऱ्याला शंकर नगर पाहिजे होतं. मी अडून बसले. ज्या कॉलनीच्या नकाशात कोपऱ्यात लाल चौकोन होता, अग्निशमन केंद्राचा, तीच पाहिजे म्हटलं. "अवो, लोकं बाग पाहतात, पार्किंग पाहतात, तू बंब पाहून राहिली," असं म्हणून तो हसला. हसू दे म्हटलं. त्याची नोकरी भिलाईला, सकाळी सातला निघायचा. मी नऊला. दिवसभर घरात आई एकटी. लाल चौकोनाची जागा अजून मोकळीच होती, पण घरापासून चालत दोन मिनिटांवर होती, तेवढं मला पुरे होतं.

समोरच्या दारात वहिनी राहायच्या. अमरावतीकडच्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, तोंडाने माझ्याइतक्याच फटकळ. कॉलनीत आम्हा मराठी बायांच्या मंडळाच्या त्या पुढारी होत्या. मला ताप आला तर आईचं जेवण त्यांच्याकडून यायचं. माझी पोरगी नागपूरला शिकायला गेली तेव्हा माझ्यापेक्षा त्याच जास्त रडल्या. त्यांच्यावर माझा किती विश्वास होता हे आता सांगायची लाज वाटते.

संक्रांतीचं हळदीकुंकू दरवर्षी एकेका घरी व्हायचं. एका वर्षी वाण कमी पडलं, दोघीतिघी रुसल्या, तोंडं फुगवून गेल्या. म्हणून मीच टूम काढली, की येणाऱ्या प्रत्येकीने नाव लिहून सही करायची, म्हणजे पुढच्या वर्षी किती वाणं आणायची ते कळेल. ऑफिसची सवय, दुसरं काय! बाया हसल्या, "बाई, हळदीकुंकवालेही हजेरी!" म्हणाल्या. पण पद्धत पडून गेली.

ज्या वर्षाचं सांगते आहे त्या वर्षी पाळी माझी होती. वहिनी सकाळीच आल्या. "वाणाचं तू पाहू नको, मंडळ देऊन राहिलं," म्हणाल्या. आणि आणलं काय, तर झाकणाचे मोठे स्टीलचे डबे! आम्ही आजवर वाट्या आणि गाळण्या वाटणाऱ्या बाया. मी म्हटलं, अरे बाप्पा, मंडळाला लॉटरी लागली काय! त्या नुसत्या हसल्या. वही सापडत नव्हती, तर त्यांच्याजवळ रेघा मारलेले सुटे कागद तयार होते. वरचा निम्मा कागद कोरा. "वर कायले सोडलं?" मी विचारलं. "तारीखबिरीख मग लिहू ना," त्या म्हणाल्या. माझ्या बोटांना हळद लागलेली, हातात तिळगुळाचं ताट, दारात बाया. केली सही. घरची म्हणून पहिला नंबर माझाच.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली. आमच्यात विधवा बाई हळदीकुंकवाच्या वेळी आतल्या खोलीत बसते. माझी आईही बसायची, मीही बसू द्यायची. वहिनी आत गेल्या आणि तिला हाताला धरून बाहेर घेऊन आल्या. कुंकू लावलं नाही, पण सगळ्यांमध्ये बसवलं, तिळगूळ दिला, डबा मांडीवर ठेवला, आणि बाकीच्यांसारखं तिचंही नाव कागदावर घेऊन अंगठा उमटवला. माझे डोळे भरून आले. इतकी वर्षं मला, तिच्या पोटच्या पोरीला, हे सुचलं नव्हतं.

उन्हाळा लागायच्या आत ती फाइल माझ्या टेबलावर आली. आमच्याच कॉलनीची. बिल्डरचा अर्ज होता, की रहिवासी महिलांना अग्निशमन केंद्र नको आहे. भोंग्याने म्हाताऱ्या माणसांना त्रास होईल, त्याऐवजी त्या जागी सामुदायिक भवन पाहिजे. महिलांच्या या मागणीला मान देऊन आपण भवन स्वखर्चाने बांधून देत आहोत, तरी आपलं अग्निशमन शुल्क त्यातच जमा धरून माफ करावं. सोबत महिलांची अनापत्ती, म्हणजे ना-हरकत, सह्यांसह.

मी पान उलटलं. पहिली सही माझी. झेरॉक्समध्ये हळदीचे डाग काळे आले होते. वरच्या कोऱ्या जागेत छान टाइप केलेला हिंदी मजकूर. आणि सगळ्यात खाली एक अंगठा, त्याच्यासमोर माझ्या आईचं नाव.

शिपाई चहा घेऊन आला, म्हणाला, "दीदी, तबियत ठीक हे ना?" मी म्हटलं, हव, ठीक हे. बरी कसली डोंबलाची! तो अंगठा पाहिला आणि त्या दिवशी आईला बाहेर का आणलं ते मला कळलं, असं मला वाटलं. माझे भरून आलेले डोळे आठवले आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटलं.

अर्धी सुट्टी टाकून मी घरी गेले ती सरळ वहिनींच्या दारात. त्या डाळ निवडत होत्या.

"वहिनी, तुम्ही मले फसवलं."

त्यांनी काय, कशाबद्दल, असं विचारलंसुद्धा नाही. सूप बाजूला ठेवलं. "बस. पाणी देऊ?"

"पाणी नको. काहून केलं थे सांगा."

"भवन आपल्याले पाहिजे का नको? गणपती पार्किंगमधी बसवतो आपण. माह्या पोरीचं लग्न दीड वर्षापासून हॉलसाठी अडून राहिलं. बिल्डर भैया म्हणे, तुम्हा बायांची मागणी असन तर बांधून देतो."

"अन् मले विचाराचं नव्हतं?"

"तुले विचारलं असतं तर तू होऊ दिलं असतं काय? सांग. होऊ दिलं असतं?"

"नसतंच दिलं!"

"मग."

असं 'मग' म्हणाल्या जशी माझीच चूक होती. मी ओरडले. लाज सोडून ओरडले. शेजारची दारं उघडली. म्हटलं, माझ्या आईचे हात तुम्ही रोज पाहता, तरी त्याच हाताचा अंगठा तुम्ही घेतला, तुमचं मन कसं झालं? तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान खाली घातली. "थे तू तुह्या आईले विचार," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, अंगाशी आलं म्हणून आता म्हातारीवर ढकलते आहे.

जुने साहेब बदलून गेले होते. नवे साहेब भले होते, पण कागदापलीकडे पाहणारे नव्हते. "मैडम, पहली साइन तो आप ही की है," ते म्हणाले. माझ्या एकटीच्या अर्जाने काही होणार नव्हतं. मात्र ज्यांच्या नावाने मागणी केली आहे त्यांच्यापैकीच कोणी वृद्ध, अपंग व्यक्तीने लिहून दिलं की मला दमकलची गरज आहे, माझा अंगठा मला न सांगता घेतला, तर फाइल थांबवता येईल, चौकशी लावता येईल, असं त्यांनी सांगितलं. आठवडाभर थांबतो म्हणाले.

आठवडाभर मी बायांच्या दारोदार फिरले. निदान पाच-सहा जणी तरी सोबत येतील असं वाटलं होतं. एकीने चहा पाजला आणि विषय बदलला. एकीने नवरा घरी नाही म्हटलं, आणि नवरा आत टीव्ही पाहत होता. तिसरी तर हसून म्हणाली, "मग डबा परत करू काय बाई?" मी तिच्या दारातच सांगितलं, ठेव, आग लागली की त्यातनं पाणी ओत. पण सही कोणी दिली नाही. राहिली आई. तिचा कागद सगळ्यात भारी होता, आणि तिच्याबद्दल मला शंकाच नव्हती.

रविवारी सकाळी, नवरा भाजी आणायला गेला तेव्हा, मी अर्ज आणि शाईचा पॅड घेऊन तिच्यापुढे बसले.

"वाचून दाखव," आई म्हणाली.

मी वाचला. माझे दोन्ही हात भाजलेले आहेत, मी दिवसभर घरात एकटी असते, मला दमकल जवळ पाहिजे, माझा अंगठा मला न सांगता घेण्यात आला.

आईने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"खोटं आहे थे," ती म्हणाली. "सांगूनच घेतला. तू सैपाकघरात तिळगूळ भरून राहिली होती. तिनं मले सारं समजावलं, मग बाहेर नेलं. मी म्हटलं, लाव."

मला वाटलं तिला नीट समजलं नाही. मी परत सांगायला लागले, नकाशा, शुल्क, केंद्र. तिने मला मधेच थांबवलं.

"भोंग्याचं मीच सांगितलं तिले. दमकलचा भोंगा वाजला का माहे हात आजही पेटतात. तुले कसं समजन, तू तर आग विझल्यावर आली. दोन मिनिटांवर तू त्या भोंग्याचं घर मांडून राहिली. एक डाव तरी विचारलं काय मले?"

वहिनींवर मी ओरडू शकले होते. आईवर काय ओरडणार? पण सांगायचं तर खरंच सांगते, त्या क्षणी तिच्याइतका दगा मला कोणीच दिला नाही असं वाटलं. जिच्यासाठी ती फाइल टाइप केली, शंकर नगर सोडलं, शेजारीण तोडली, तीच समोरच्या बाजूला बसली होती. आणि मला कळू न देता हिवाळ्यापासून बसली होती, रोज माझ्या हातचं जेवत.

"अन् आग लागली तर?" मी विचारलं. आवाज चढलाच. "मी ऑफिसात, हा भिलाईले. आग लागली तर काय करशील तू?"

"लागली तर दमकल येऊन तरी पहिले काय करन?" आई शांतपणे म्हणाली. "तुह्यं कुलूपच तोडन ना?"

तिच्या बोटांनी आतून कडी लागत नाही. दार उघडं राहतं, कोणीही आत शिरतं. म्हणून ऑफिसला जाताना मी बाहेरून कुलूप लावते. किल्ली माझ्या पर्समध्ये असते. इतक्या वर्षांत मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं, उलट मी ते तिच्यासाठीच करते असं सगळ्यांना सांगायची.

"भवन झालं तर दुपारी बाया जमतीन," आई म्हणाली. "ती म्हणे, मी येऊन घेऊन जात जाईन तुमाले. किल्ली मागीन म्हणे तुले."

मी अर्ज घडी करून ठेवून दिला. सोमवारी साहेबांनी विचारलं, मी सांगितलं, काही आक्षेप नाही. फाइल त्यांच्यापुढे मीच नेऊन ठेवली.

पण त्याआधी, सोमवारी सकाळी नऊला, मी पर्स खांद्याला लावून दारात उभी होते, कुलूप हातात. वहिनींचं दार समोर होतं. दोन पावलं टाकून किल्ली द्यायची होती, बस. राग इतका होता की माझा पाय उचलेना. आत आई पलंगावर बसून माझ्याकडे पाहत होती.

"लाव, लाव," ती म्हणाली. "बस चुकन तुही."

मी कुलूप लावलं.