शरबतात गेलेला बर्फ

पांढुर्ण्याच्या फलाटावर गाडी हलली तेव्हा बाकीच्या माया आपापल्या पोरांना "चिठ्ठी टाकजो" म्हणत होत्या. माझी माय खिडकीतून संत्र्यांची टोपली आत ढकलत ओरडली, "बसलेल्याईले नको देऊ पयले! दाराजोळ उभे हायेत त्याईले दे!" मी दिल्लीला नोकरीवर निघालेला बाप्या माणूस, अंगात नवा सफारी, आणि अख्खा डबा मला हसतोय! इटारसीपर्यंत टोपली रिकामी. मला एकही संत्रं उरलं नाही.

ही नोकरी मला हुशारीमुळे लागली, असं आमच्या मोहगावात अजून काही जण समजतात. गड्यांनो, ती मला शरबतामुळे लागली.

ऐंशीनंतरची वर्षं. मी गावोगाव लस टोचत फिरायचो. सौंसरहून बर्फाच्या डब्यात गोवराची लस घ्यायची, बसने मोहगाव, पुढे सायकल. सडकेवरची गावं आधी. नाल्यापलीकडचा ढाना, म्हणजे मजुरांची पंधरा घरं, सगळ्यांत शेवटी. एका एप्रिलात पहिल्याच गावी सरपंचांकडे पाहुणे आलेले. "चार खडे द्या ना जी, शरबतात टाकाले." मी दिले. वरून एक गिलास मीही मारला. फक्कड होतं हो, खोटं कशाला बोलू!

ढान्यावर पोचलो तर डब्यात कोमट पाणी. मजुरी बुडवून बाया पोरं घेऊन सकाळपासून बाभळीखाली बसलेल्या. गरम झालेली लस टोचणं म्हणजे टोचल्याचं सोंग, म्हणून सगळ्यांना परत पाठवलं. मायसोबत कापूस वेचणारी कमलाबाई कडेवरच्या सुनीताला सावरत म्हणाली, "तुमचा बर्फ सडकेच्याच लोकाईले ओळखते का, भाऊ?" शेजारच्या गावात गोवर निघाला होता. आणि पुढची लस आठ दिवसांनी.

घरी येऊन मायला सगळं सांगितलं. तिने भाकर थापणं काही थांबवलं नाही.

"जयंतीच्या पंगतीत वाढणं कोठून सुरू करतं?"

"शेवटच्या पानापासून."

"कायले?"

कायले, ते मला ठाऊक होतं. तिच्या लहानपणी दुसऱ्यांच्या लग्नात आमच्या माणसांची पानं शेवटी पडत, आणि तिथवर वरणाचं नुसतं पाणी पोचे. म्हणून आमच्या वस्तीत वाढपी उलटा निघतो.

"मंग लसीले काय अलग नियम हाय? शिकून शिकून येडा होऊन राहिला तू!"

ते आठ दिवस ढान्याकडून येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी सुनीताचं विचारायचो. आठव्या दिवशी पहिली बस, मग डबा डोक्यावर घेऊन नाला पार, थेट ढाना. बर्फ अजून खुळखुळत होता! सुई लागली आणि सुनीताने असा भोंगा पसरला, की मी फक्त नाचायचा बाकी राहिलो. मायने तिच्या कानावर सगळं घातलं असणार; कमलाबाई गालात हसली, "आज शरबत नाही भेटलं वाटते."

सरपंचांनी उशिराची तक्रार केली. सौंसरच्या डॉक्टरसाहेबांनी बोलावलं, मी शरबतापासून सगळं ओकलो. साहेब पोट धरून हसले. मग तालुक्याचे सगळे फेरे उलटे केले, आणि नव्या लोकांना हेच शिकव म्हणून मला दिल्लीच्या ट्रेनिंग सेंटरला धाडलं.

तिथे माझ्या हिंदीत मधेच "सांगून राहिलो" आलं की वर्ग फिदीफिदी हसे. एकदा देशोदेशीचे आरोग्यवाले आले. मला लिहून दिलेलं इंग्रजी भाषण पहिल्याच पानावर अडकलं. शेवटी तोडक्यामोडक्या इंग्रजीत शरबत, ढाना, पंगत सगळं सांगून टाकलं. आफ्रिकेतली एक नर्स टेबल बडवत उठली, "आमचाही बर्फ शेवटच्या गावाआधीच संपतो!" मग डोंगरातला एक उठला, बेटावरची एक उठली. बाप्पा! ढाना तर साऱ्या जगात होता! त्या दिवसापासून मी प्रत्येक मीटिंगमध्ये एकच हट्ट धरून बसलोय: यादी खालून वाचा. लोक वैतागतात. वैतागू देत.

आता दिल्लीच माझा पत्ता. इथे मला साहेब म्हणून आधी वाढतात. मागच्या जयंतीला गावी गेलो, तर पाहुणा म्हणून मला पहिल्या पानावर बसवलं, म्हणजे वाढणं माझ्यापर्यंत सगळ्यांत शेवटी आलं. जिथे मला शेवटी वाढतात, ते माझं घर. वाढत होती कमलाबाईची सुनीता, आता दोन लेकरांची माय.

वरण घट्ट होतं.