बाबांचा सीटबेल्ट आणि इतर भांडणं

भिवंडीत गाडी रस्त्यावर उभी केली की बॉनेटवर कापड विणणाऱ्या लूममधून उडालेल्या कापसाचा थर बसतो. आमच्या ग्रुपमध्ये किस्सेही असेच साचतात. मुद्दाम कुणी गोळा करत नाही. हात फिरवला की निघतात! ग्रुप म्हणजे मी, धामणकर नाक्याजवळ कार अ‍ॅक्सेसरीजचं दुकान चालवणारा आरिफ, आणि गाडी घ्यायची म्हणून आमचं डोकं खाणारे बाकी सगळे. मला गाड्यांचं वेड, त्यामुळे शोरूमला जाताना लोक मला सोबत नेतात. ऐकत मात्र कुणीच नाही!

*

माझं मत साधं आहे. सनरूफ नंतर, टीव्हीएवढा स्क्रीन नंतर. आधी एअरबॅग मोजा, ब्रेक बघा. शेजारच्या पांडूकाकांना मी शोरूममध्ये घसा कोरडा पडेपर्यंत क्रॅश टेस्ट समजावली. काकांनी बोटाने बॉनेट ठोकलं. "पत्रा बरा हाय." मग डॅशबोर्डवर हात ठेवून सेल्समनला विचारलं, "हितं आमचा गणपती बसंल ना? जरा मोठा हाय."

"काका, तिथूनच एअरबॅग उघडते!" मी ओरडलो.

काका शांतपणे म्हणाले, "गणपती बसल्यावर ती कशाला उघडंल?"

*

सेकंडहँड गाडी बघायला गेलो की ती हमखास डॉक्टरांची असते. नारपोलीत एका एजंटने अशीच एक दाखवली. "डॉक्टरसाहेब फक्त क्लिनिकला जायचे. घर ते क्लिनिक, बस!"

मी पुढची सीट सरकवून खाली हात घातला. लूमवर लावतात तो सूत गुंडाळलेला आख्खा कोन बाहेर आला. मागे सीटच्या रुळांत धाग्यांचा गुंता. या गाडीने आयुष्यभर माल वाहिला होता!

"हे काय?"

एजंटची पापणीही हलली नाही. "डॉक्टरसाहेबांचे लूम पण आहेत ना!"

*

आरिफच्या स्वतःच्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. उन्हाळ्यात पाठ चिकटते, वळणावर माणूस घसरतो.

"काढ ना यार ते!"

"मग पुढच्या मालकाला नवीन काय देऊ?"

*

आरिफशी माझं खरं भांडण एका छोट्या क्लिपवरून. बेल्टच्या खाचेत ती अडकवली की गाडीला वाटतं बेल्ट लावलाय, आणि तिचं टूंटूं बंद होतं. माझा मावसभाऊ वाडा रोडवर खड्डा चुकवताना झाडाला धडकला तेव्हा त्याच्या गाडीतही हीच क्लिप होती. काच कपाळात घुसली. वाचला बिचारा, पण तेव्हापासून बाबा गाडी घेऊन बाहेर पडले की ते घरी येईपर्यंत माझा जीव टांगणीला. बाबा बेल्ट लावत नाहीत. कधीच नाही.

"लोकांना मारायचं सामान विकतोस तू!" मी आरिफला भर दुकानात सुनावलं.

"मी नाय विकली तर बाजूवाला विकेल."

"असली वस्तू घेतो कोण मूर्ख?"

आरिफने मान खाली घातली. "जाऊ दे ना यार."

"नाही, सांगच!"

"तुझे बाबा. काल दोन नेल्या."

*

घरी जाऊन मी बाबांना लेक्चर दिलं. दुसऱ्या दिवशी नाक्यावर ट्रॅफिकमध्ये गाडीत पुन्हा दिलं. बाबा ऐकत होते. तेवढ्यात कापडाचे तागे लादलेली गाडी ओढत एक हातगाडीवाला घाम पुसत आमच्या पुढे निघून गेला.

बाबा म्हणाले, "पळ, आधी त्याला बेल्ट लाव!"

*

आणि मग अंबाडीजवळचं ते लग्न.

आमच्याकडे लग्नात गाड्या शेतात लावतात आणि चावी गाडीतच ठेवतात. मागचा आधी निघाला तर पुढची गाडी कुणीही सरकवावी, हा रिवाज. शेतात सगळ्या मोठ्या, पांढऱ्या गाड्या. दुपारी जेवण उरकून बाबा म्हणाले, "मी गोदामावर जाऊन येतो," आणि गेले.

थोड्या वेळाने मी शेतात आलो, तर आमची गाडी जागच्या जागी! चावी आत, बाबांचा फोनही आत. शेजारी नवरदेवाचा मामा डोकं धरून उभा. "माझी गाडी गेली! आणि मागच्या सीटवर आमची आय झोपलेली!"

तोच वाडा रोड, तेच खड्डे, अनोळखी गाडी, बेल्ट न लावणारे बाबा आणि मागे नवरदेवाची आजी! फोन करायचीही सोय नाही. मामा आणि मी रस्त्याकडे डोळे लावून बसलो. लग्नाला आलेला आरिफ दोघांना पाणी पाजत होता.

अखेर ती गाडी आली. हळू, अगदी बैलगाडीसारखी. दोघंही धडधाकट! मामाने आकाशाकडे बघून हात जोडले, मी गाडीकडे धावलो.

मग नीट पाहिलं. बाबांच्या कडक इस्त्रीच्या शर्टावर आडवा सीटबेल्ट. मागे आजी ताठ बसलेली, तिच्या नऊवारीवरही बेल्ट.

आजी उतरली आणि मामाला म्हणाली, "मानूस चांगला हाय. पयलं जरा वरडावं लागलं."

बाबा कुणाकडेही न बघता आमच्या गाडीत जाऊन बसले. मी शेजारी बसलो. त्यांनी खाचेतली क्लिप काढली, बेल्ट ओढला, खट्‌कन लावला.

"बाबा, नक्की झालं काय?"

"गप बस. तुझा पण लाव," बाबा आरशात बघत कुजबुजले. "म्हातारी अजून बघतेय!"