दत्तूभाऊंची कणीक

कचेरीत दत्तूभाऊंच्या शेजारी बसणाऱ्याला एका गोष्टीची सवय करून घ्यावी लागे. बोलता बोलता त्यांचा अंगठा दोन बोटांवर गोल फिरत राही. पुष्कळदा तिथं खरंच कणकेची गोळी असे. सकाळी मळलेलं आमिष ओल्या फडक्यात गुंडाळून ते टेबलाच्या खणात ठेवत आणि कचेरी सुटली की शनवारा वेशीतून थेट तापीचा घाट गाठत.

राज्यांच्या फेररचनेनंतरचे, नव्या राज्याचे ते दिवस. कागद नागपूरऐवजी भोपाळला जाऊ लागलेले, साहेब रोज नवा, बदलीची धास्ती सगळ्यांना. आम्ही वैतागून गेलो होतो. मी त्यांच्याबरोबर घाटावर जाई तो माशांसाठी नव्हे, गप्प बसायला मिळे म्हणून.

गळाला लावायच्या गोळीचा घट्टपणा हा त्यांचा जीव की प्राण. सैल झाली तर धारेत विरघळते, घट्ट झाली तर मासा चाखून सोडून देतो. सैल कणकेत ते पिंजलेला कापूस मळत, घट्ट झालेलीत जवळच्या फोपनार गावचं पिकलेलं केळं. मग एका हातानं गोळी दाबायची, दुसऱ्यानं कानाची पाळी. "कानापेक्षा कडक नको, भाऊ." रिकामा गळ वर आला तरी माशाला बोल लावत नसत. "त्यानं नाही घेतलं त आपलंच कुठं तरी बिघडलं. पुन्हा मळायचं, बस."

पुढे त्यांच्या पत्नीला, आमच्या वहिनींना, अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, उजवं अंग गेलं, गिळणं अवघड झालं. पेजेनं ठसका लागे, भाताचं शीत घशात अडके. डॉक्टर म्हणाले, पोटात अन्न गेलं तरच माणूस राहील. दत्तूभाऊंनी गळ माळ्यावर टाकला, बढतीची बदली नाकारली आणि खिचडी घोटायला बसले. तूप, केळं, भाजलेला रवा कमीजास्त करत त्यांनी ठसका न लागता उतरेल असा घास जमवला. त्या घासावर वहिनी कित्येक महिने जगल्या. दत्तूभाऊ मात्र वाळत चालले. कचेरीत डोळे मिटून बसत. विचारलं तर म्हणत, "थकलो, भाऊ." मला त्यांच्याकडे बघवत नसे.

उन्हाळ्यात वहिनींनी तोंड मिटून घेतलं, घास घेईनात. त्या जाण्याच्या थोडे दिवस आधी मी घरी गेलो, तर चुलीभोवती वाट्याच वाट्या. कशात घास सैल, कशात घट्ट. दत्तूभाऊ आणखी एक घोटत होते. मला राहवलं नाही.

"दत्तूभाऊ, घासात काही कमी नाही. वहिनींनाच आता नको आहे."

"असं कसं? घेत नाही म्हणजे माझंच चुकून राहिलं ना."

ते वाटी घेऊन खाटेशी बसले. वहिनींनी डावा हात सावकाश उचलला, दत्तूभाऊंचं मनगट धरलं आणि घास त्यांच्याच तोंडाकडे वळवला. वहिनींच्या अंगात जोर तो कितीसा, पण दत्तूभाऊंचा हात वळला. किती दिवसांत त्यांनी स्वतः धड जेवण केलं नव्हतं, ते मला तेव्हा कळलं. वहिनींना ते आधीच दिसलं असावं.

दत्तूभाऊंनी घास तोंडात घेतला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, घास उतरता उतरत नव्हता. तो उतरेपर्यंत वहिनी त्यांच्या गळ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी वाटीकडे बोट केलं, आणि पुन्हा दत्तूभाऊंच्या तोंडाकडे.