रोझेलचं रुंद दार

आमच्या शेजारची रोझेल अपेटागन चालायला शिकली तेव्हापासून तिच्या खोड्यांचा हिशेब माझ्याकडे आहे. कोणी मागितलेला नाही, पण आहे. ती कॅनडातल्या विनिपेग शहरात गेली आणि आर्किटेक्ट होऊन आली. आमच्या तळ्याकाठच्या आदिवासी वस्तीतली ती पहिलीच. मी तिला म्हटलं, माझ्या कुत्र्याला घर काढून दे. ती म्हणाली, कुत्र्याला स्वतः येऊन बोलू दे, त्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतं, मामा.

आर्किटेक्ट व्हायचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं एका खिडकीतून. आमच्यात माणूस गेला की पुरायच्या आधी एकदा घरी येतो. शेजारीपाजारी त्याच्याजवळ बसतात, जेवतात आणि त्याच्याबद्दल खरंखोटं सांगून हसतात. खोटं सांगण्याचं खातं अर्थातच माझ्याकडे. पण रोझेलचा मोशूम, म्हणजे तिच्या आईचा बाप, गेला तेव्हा शहरात काढलेल्या नकाशावरून बांधलेल्या त्या घराच्या बोळात शवपेटी वळेना. शेवटी खिडकीची चौकट काढून, पेटी आडवीतिडवी करून म्हाताऱ्याला त्याच्याच घरात घेतलं. त्या दिवशी मलाही खोटं सुचलं नाही. शाळकरी रोझेल ती चौकट छातीशी धरून बर्फात उभी होती.

तसं आमच्याकडे शहरातल्या आर्किटेक्टांचं येणंजाणं पहिल्यापासून. कोणी कासवाच्या आकाराची इमारत काढतो, कोणी गरुडाच्या. आमचा दवाखाना गरुड आहे. तो बघायला विमानात बसावं लागतं. खालून नुसतं गळकं छप्पर दिसतं.

तर परवाच्या हिवाळ्यात गावासाठी मोठं घर बांधायचं ठरलं. गेलेल्याजवळ बसायला, जेवणावळींना, शिकारीचं मांस वाटायला. काम मिळालं रोझेलच्याच कचेरीला. तिचे मुख्य ग्रेगरी हॅल्वर्सन. मनाने वाईट नाहीत. फक्त त्यांची समजूत अशी की आमच्या माणसाने सुरुवातीला धूप जाळावा, मग भिंतीवर मण्यांची नक्षी सुचवावी आणि बाजूला बसावं. त्यांच्या नकाशावर रोझेलचं नाव खाली कोपऱ्यात, सल्लागार म्हणून. रोझेलने आपला वेगळाच नकाशा काढला. पूर्वेला रुंद दार, आणि बोळ नाहीच. साहेब म्हणाले, एवढ्या दारातून सगळी ऊब पळेल. आता कोणाचा नकाशा घ्यायचा आणि त्यावर आर्किटेक्ट म्हणून कोणाचा शिक्का पडायचा, ते चीफ, म्हणजे आमच्या वस्तीचे मुखिया, आणि त्यांचं मंडळ ठरवणार होतं. रोझेलने मला आधीच सांगितलं, साहेबांचा घेतला तर नोकरी सोडणार. नक्षीवाली म्हणून जन्म काढायचा नाही.

आम्ही तंबू ठोकायच्या आधी जागेवर चालून बघतो. रोझेलने साहेब आणि मंडळासमोर तेच केलं. शाळेच्या खेळघरात जमिनीवर चिकटपट्ट्या लावून दोन्ही नकाशे खऱ्या मापाने आखले, भिंतींच्या जागी प्लायवूड उभं केलं. शिकार केलेला मूस, म्हणजे आमच्याकडचं घोड्याएवढं हरीण, बर्फावरून ओढून आणायची घसरगाडी मागवली आणि विचारलं, वजनाला कोण? मी लगेच म्हटलं, मी होतो मढं.

रोझेलची मावशी फिलोमीन चहा पीत होती. तिने पेला खाली ठेवला.

"जिवंत माणसाने मेल्याचं सोंग घेऊ नये," ती म्हणाली. मग माझ्या पोटाकडे बघून म्हणाली, "मूस हो. शोभतोसही."

झालो मूस. उचलायला सहा जण हवे होते, पाच निघाले. रोझेलने मागचा डावा कोपरा ग्रेगरीसाहेबांना दिला.

त्यांच्या नकाशातल्या बोळापर्यंत आम्ही मजेत गेलो. वळणावर माझं डोकं प्लायवूडवर आपटलं आणि साहेब भिंत आणि गाडीच्या मध्ये अडकले. म्हणाले, जरा तिरकं करून बघू.

"माझ्या बापाला आम्ही तिरकं केलं होतं," फिलोमीन बसल्या जागेवरून म्हणाली. "पुन्हा कोणाला नाही करणार."

साहेबांनी आपला कोपरा तसाच खाली टेकवला. वर मी आहे हे बहुधा विसरले होते.

मग रोझेलचा नकाशा. रुंद दारातून आम्ही सरळ आत गेलो, कोणाला हातसुद्धा बदलावा लागला नाही. आणि दार एक नव्हतं, एकामागे एक दोन होती. मधल्या जागेत आख्खी गाडी आणि वाहणारे मावत होते. बाहेरचं लागल्यावरच आतलं उघडायचं, म्हणजे ऊब आतच. एरवी लोकांनी तिथे बूट काढायचे. ग्रेगरीसाहेबांनी ती मधली जागा पावलांनी मोजून बघितली. नंतर मंडळाकडे वळून म्हणाले, "नकाशा रोझेलचाच घ्या. शिक्काही तिचाच हवा. आमची कचेरी तिच्या हाताखाली काम करेल."

चीफने हात वर केला, मागोमाग सगळ्या मंडळाने.

रोझेल डोळे पुसत होती, पण जीभ तिखटच होती. म्हणाली, "साहेब, भिंतीवरची नक्षी मात्र तुम्ही सुचवा. सल्लागार म्हणून."

फिलोमीनच्या नाकातून चहा आला. सगळ्यात मोठ्याने हसले ते साहेबच.

आता ते घर उभं आहे, दाराशी रोझेलचं नाव आहे. त्या दारातून पहिला आत गेला तो खराखुरा मूस, माझ्याइतकाच जड. ग्रेगरीसाहेब त्यासाठी विमानाने आले आणि न सांगता मागच्या डाव्या कोपऱ्याला जाऊन उभे राहिले.

माझी पाळी येईल तेव्हा येवो. जन्मभर वाकडा चाललो, त्या दारातून मात्र सरळ जाईन.