फोन आधी कोणी ठेवायचा

औषधांच्या दुकानापाशी वाजलेला फोन रेल्वेची भिंत सुरू झाली तरी वहिनींच्या कानाला चिकटलेलाच होता. धाकटी दोन्ही पिशव्या सांभाळत शेजारून चालत होती. आठवड्यातून एकदा दोघी जावा हा लांबचा फेरा मारायच्या. घरून औषधांचं दुकान, मग ही न संपणारी भिंत, पाण्याची टाकी, आणि मागच्या रस्त्यानं परत. तेवढा वेळ शेजारचे निवृत्त पोस्टमन भाऊजींपाशी बसायचे. भाऊजी म्हणजे वहिनींचे यजमान, धाकटीचे थोरले दीर. अर्धांगाच्या झटक्यानं त्यांची उजवी बाजू गेली, आणि वहिनींना बाहेरचं वारं लागायचं ते या फेऱ्यापुरतंच उरलं. आज तोही निम्मा फोननं खाल्ला होता.

"अय्या, नुसतं बटण दाबायचं? आणि माणूस आपोआप उभा?" वहिनी विचारत होत्या.

"आपोआप, काकू," पलीकडचा मुलगा म्हणाला. वहिनींना कमी ऐकू यायचं, म्हणून फोनचा आवाज मोठा असायचा. धाकटीला सगळं ऐकू येत होतं. "खुर्चीच उचलते माणसाला. शेवटची एकच राहिलीय. आत्ता बुक केली तर निम्म्या किमतीत."

अशी खुर्ची खरोखरच असते. वहिनींनी ती गेल्या महिन्यात दवाखान्याजवळच्या दुकानात पाहिली होती, चौकशी करून नंबरही देऊन आल्या होत्या. भाऊजींना दिवसभर उठवून-बसवून त्यांची कंबर पार कामातून गेली होती. त्यामुळे फोन खरा असूही शकत होता, आणि पंचाईत तीच होती. साफ खोटा असता तर धाकटीनं पहिल्या मिनिटालाच बोलून दाखवलं असतं.

वहिनींनी फोनवर हात ठेवला. "अगं, दुकानातलाच आहे तो. त्याला सगळं माहीत आहे. यांची उजवी बाजू गेलीय, हेसुद्धा."

"वहिनी, ते तुम्हीच सांगितलंत. त्यानं विचारलं, डावी की उजवी? तुम्ही म्हणालात, उजवी. मग थोड्या वेळानं तो म्हणाला, काकांची उजवी बाजू आहे ना, म्हणून डाव्या हाताला बटण देतो. तुमचंच तुम्हाला परत दिलं त्यानं."

"दुकानाचं नाव पण त्यानं घेतलं."

"तुमच्यानंतर घेतलं."

वहिनी जरा घुटमळल्या. "बरं, मग काय करू?"

"ठेवा. दुकान काही पळून जात नाही. उद्या मी जाऊन बघते."

वहिनींनी हात काढला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "बाळा, मी आता ठेवू का?"

"नको नको, काकू! थांबा! ठेवला की बुकिंग रद्द होतं. लाईनवरच राहा."

"बरं, बरं. आहे मी," वहिनी म्हणाल्या आणि चालू लागल्या. धाकटीनं कपाळावर हात मारला.

यात वहिनींचा दोष थोडा आणि सवयीचा जास्त. त्या लग्न होऊन आल्या त्या बिनफोनच्या घरातून. सासरी बैठकीत फोन होता, जाळीच्या रुमालाखाली झाकलेला. आल्या आल्याच त्यांनी एक फोन घेतला, निरोप ऐकला आणि रिसीव्हर खाली ठेवला. पलीकडे नेमके सासऱ्यांचे साहेब होते, त्यांचं बोलणं अर्ध्यावरच राहिलं. सासरे ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "सूनबाई, ज्यानं केला त्यानं ठेवायचा. कुणाच्या तोंडावर दार लावतो का आपण?" सासरे गेले, तो फोन गेला, बैठक मोडून तिथं आजाऱ्याची खोली झाली, पण वहिनींच्या कानातून ते वाक्य काही गेलं नाही. "ठेवू का?" विचारायचं आणि पलीकडून "ठेवा" येईपर्यंत उभं राहायचं. पुतणे त्यांना 'ठेवूका काकू' म्हणायचे. चुकून लागलेल्या फोनवाल्यालासुद्धा त्या "बरं आहे, या कधीतरी" असं म्हणायच्या. असाच एकजण एकदा आपल्या गुडघ्यांचं गाऱ्हाणं सांगत बसला आणि इकडे पातेलंभर दूध उतू गेलं. भीड भिकेची बहीण, हे धाकटीनं त्यांना किती वेळा ऐकवलं असेल!

आणि हल्ली घरातही तेच चाललं होतं. झटक्यानंतर भाऊजींकडे जे चार-दोन शब्द उरले, त्यात एक होता "थांब". वहिनी खाटेजवळून उठल्या की ते म्हणायचे, "थांब." वहिनी थांबायच्या. भाजी चिरायची राहायची, आंघोळ राहायची. देवापुढचा दिवाही कधी कधी दुपारी लागायचा. देव समजून घेतो, असं वहिनी म्हणायच्या.

पाण्याच्या टाकीपाशी बाक होता. तिथं त्या बसल्या आणि मांडीवर पर्स उघडली.

"कार्डावरचा मोठा नंबर सावकाश वाचा, काकू," मुलगा म्हणाला. "मग मोबाईलवर एक छोटा नंबर येईल. तो मला सांगितलात की खुर्ची तुमची."

त्या कार्डामागे भाऊजींचं सगळं निवृत्तिवेतन होतं. औषधं त्यातनंच यायची. धाकटीनं पर्सवर हात ठेवला.

वहिनींनी तिच्याकडे पाहिलं. एरवी मेणाहून मऊ बाई, पण आवाज धारदार निघाला. "तुला काय गं. तुझा नवरा आपला आपण उठतो."

धाकटीला वर्मी लागलं. खरंच होतं ते. तिनं पर्सवरचा हात मात्र काढला नाही. मनात देवाचं नाव घेतलं, दुसऱ्या हातानं आपला मोबाईल काढला, त्या दुकानाचा नंबर शोधला आणि आवाज मोठा करून फोन लावला.

दुकानातली बाई एकदम घाईत होती. "हां, बोला."

"उठवणाऱ्या खुर्चीबद्दल तुम्ही कुणाला फोन करताय का? आजच्या आज घ्या, शेवटची आहे, असा?"

"आम्ही? छे हो! इथं आलेल्यांना उत्तरं द्यायला वेळ नाही, आम्ही कुठले फोन करतो! खुर्च्या पडल्यात तीन-चार. पेशंटला घेऊन या, बसवून बघा, नाही आवडली तर नका घेऊ. दुकानात गिऱ्हाईक उभं आहे, ठेवते." आणि खट्कन बंद.

वहिनींनी ते ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावरची खुर्ची हळूहळू खाली बसली.

"बघा," धाकटी म्हणाली, "जिच्याकडे खुर्च्या आहेत तिला तुम्हाला धरून ठेवायची गरज नाही. आणि हा मघापासून सोडत नाहीये. आता तरी कळलं ना?"

"कळलं." वहिनींनी पर्स मिटली. फोन कानाजवळ नेला. "बाळा, मला नकोय रे खुर्ची. ठेवू का मग?"

"काकू, असं कसं? माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. साहेब समोर उभे आहेत."

"अरे देवा. रागावतात का फार?"

"वहिनी!"

"अगं, पोर रडकुंडीला आलंय!"

पोराचा सूर तेवढ्यात फिरला. इतका वेळ फुकट घालवलात, बुकिंग झालंय, आता तुमच्यावर केस होईल, म्हणाला. तो भामटा आहे हे त्यांना शंभर टक्के पटलं होतं, बंद करायचं बटण अंगठ्याच्या पेराखाली होतं, आणि अंगठा काही खाली येत नव्हता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं म्हणतात. इथं चावत होतं आणि तरी सुटत नव्हतं.

"तू ठेव," त्यांनी फोन पुढे केला. धाकटीनं बंद केला. लगेच पुन्हा वाजला. वहिनींचा हात आपसूक तिकडे गेला, तशी धाकटीनं फोन पिशवीत टाकला. तो वाजत राहिला. दोघी मागच्या रस्त्याला लागल्या.

गॅरेजच्या पुढं आल्यावर वहिनी म्हणाल्या, "मघाशी मी बोलले ते मनावर घेऊ नकोस."

"घेतलंच नाही. भाऊजींना आपण नेऊ दुकानात. माझा नवरा उचलेल. आपला आपण उठतो ना तो, जरा कामाला लावू."

वहिनी हसल्या, पण हसू फार टिकलं नाही. घराची पायरी आली. आतून पोस्टमनकाकांचा खोकला ऐकू येत होता, आणि पावलांची चाहूल लागून भाऊजींचा जड, ओढलेला आवाज. वहिनी आत गेल्या नाहीत. पायरीवरच उभ्या राहून त्यांनी धाकटीचा दंड धरला.

"माझं एक काम करशील?"

"सांगा ना."

"उद्या दुपारी मला फोन कर. काय वाटेल ते बोल. रड, भांड, घाबरव मला. पण मी विचारलं तरी 'ठेवा' म्हणायचं नाही. मी मधेच बंद करणार आहे, तुझं वाक्य तोडून. उद्या नाही जमलं तर परवा पुन्हा कर. मला जमेपर्यंत करत राहा."