फूटभर लांबीचं बिट

युसूफ वडगावच्या स्टँडसमोर योगिताचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. पत्र्याची एक खोली, लाकडी टेबल, तांब्याच्या तारेची रिळं आणि उघडून ठेवलेली मशिनं. माहेरी मेंढरं, सासरीही मेंढरंच. नवरा बंकट दिवाळीनंतर कळप घेऊन निघतो, तो पावसाळ्याच्या तोंडाला परततो. एका वर्षी योगिताचा पाय मोडला आणि तिला कळपामागं जाता आलं नाही. केजला बचत गटाच्या बायकांना मोटार दुरुस्ती शिकवत होते, तिथं ती वेळ जावा म्हणून जाऊन बसली आणि त्यातच रमली. त्याला आता आठ वर्षं झाली.

विजेला ती पहिल्या दिवसापासून भीत आली. हात कोरडा आहे ना, पायात चप्पल आहे ना, हे बघितल्याशिवाय ती बटणालाही शिवत नसे. पण ती भीती रोजची, कामाची. एप्रिलातल्या एका दुपारी तिच्या वाट्याला आली ती निराळी.

त्या दुपारी नाथा दुकानात आला. हा तिचा चुलत दीर, विहिरींवर मोटारी बसवायचं काम करणारा. त्याचं ड्रिल मशीन बारा दिवसांपासून तिच्याकडं पडून होतं, आतला फिरणारा भाग, आर्मेचर, मिळत नव्हता. काम तर अडलेलं. म्हणून तो ग्राइंडर घेऊन आला होता आणि माजलगावहून आणलेला एक चक. ग्राइंडरची चकती काढायची, तिच्या जागी हा चक आट्यांवर फिरवून बसवायचा आणि त्यात ड्रिलचं बिट धरायचं, असा जुगाड.

योगितानं आधी नाहीच म्हटलं. ड्रिल मिनिटाला फार तर तीन हजार फेरे मारतं, ग्राइंडर अकरा हजार. एवढ्या वेगाचा हा चकही नाही आणि बिटही नाही, हे तिनं त्याला समजावलं. नाथा हसला. दुकानदारानं सांगितलं की सगळेच असं वापरतात, असं त्याचं म्हणणं. बारा दिवस त्याचं मशीन अडकवून ठेवल्याची तिलाही लाज वाटत होती. शेवटी तिनं आटे पुसले, चक फिरवला, दोन पाने लावून करकचून आवळला. मग बोटभर लांबीचं एक बिट त्याच्यासमोर ठेवलं आणि बजावलं, हेच वापरायचं, पातळ पत्र्यालाच, आणि जमिनीवर उभं राहून. तो मान हलवत गेला.

पाव तासानं टेस्टर शोधताना तिच्या हाताला ते बोटभर बिट लागलं. तिथंच पडलेलं. तिनं मागं वळून बघितलं. भिंतीवरच्या दोन खिळ्यांवर आडवं ठेवलेलं फूटभर लांबीचं बिट जागेवर नव्हतं.

लांब बिटाचं टोक लोखंडात रुतलेलं असतं तोवर त्याला दोन्हीकडून आधार असतो. बाहेर आलं की त्या वेगात ते वाकतं, आणि वाकलेलं पोलाद माणसाच्या तोंडासमोर गरगरतं. तिनं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

दुकान उघडंच टाकून ती स्कूटीवर नाथाच्या घरी गेली. त्याची आई साखराबाई ओसरीवर बसली होती. नाथा अर्जुनरावांच्या शेतातल्या विहिरीत उतरलाय, मोटारीच्या लोखंडी अँगलला अडचणीच्या जागी भोकं पाडायचीत, एवढं तिनं सांगितलं. मग विचारलं, तुझं तोंड असं कशानं झालंय? योगितानं तोवर स्कूटी वळवली होती.

कच्च्या रस्त्यानं तिचे हात हँडलवर घसरत होते. डोळ्यांसमोर एकच दिसत होतं, पाना आवळणारी तिची स्वतःची बोटं. म्हातारीला काय सांगायचं, हा विचार आला की ती स्कूटी आणखी दामटायची.

विहिरीजवळ आल्यावर आतून ग्राइंडरची किंकाळी ऐकू आली. तिनं वाकून बघितलं. तीस फूट खाली, कपारीवर उभा राहून नाथा मशिनवर छातीचा भार देत होता. बिटाचं टोक अँगलमध्ये रुतलेलं. तिनं हाक मारली, ती त्या आवाजात विरली. ढेकूळ टाकावं तर तो दचकून बिट मागं ओढायचा. वायर बाभळीखालच्या पेटीत गेली होती. तिकडं ती पळाली आणि दोन्ही फ्यूज उपसले. हात घामानं ओले होते, पाय अनवाणी, चप्पल वाटेतच कुठंतरी सुटली होती.

आवाज मंदावत थांबला. खालून नाथानं विचारलं, "लाईट गेली का?"

"मी काढली. वर या, भाऊजी."

तो चिडून वर आला, ग्राइंडर खांद्यावर. पहिलंच भोक अर्धं झालं होतं. ग्राइंडर त्यानं विहिरीच्या काठावर ठेवला. "तुमी लई भित्र्या हाव, वहिनी," म्हणत तिच्या हातातले फ्यूज घेतले, आणि ती काही बोलायच्या आत पेटीत दाबले.

ग्राइंडरचं बटण चालूच राहिलं होतं. दोघांच्याही ते ध्यानात नव्हतं.

काठावरचं मशीन उसळलं. लांब बिट क्षणात कोपरासारखं वाकलं आणि ग्राइंडर त्याच्यावर थयथय नाचत पुढं आला. बाभळीखालचा पाण्याचा कॅन आडवा चिरला, दगडाची कपची उडाली. मग ग्राइंडर वायर ओढत विहिरीत गेला, ती पेटीतून तुटून त्याच्यामागं गेली. दोनदा भिंतीवर आपटला. पाणी वाजलं.

नाथाचा हात अजून पेटीवरच होता. चिरलेला कॅन त्याच्या नडगीपासून वीतभर अंतरावर पडला होता. तो हळूहळू खाली बसला.

"आत असतो तर तोंडावरच आलं असतं," तो म्हणाला.

योगिताचे दात वाजत होते, एप्रिलच्या उन्हात. ती त्याच्याशेजारी बसली.

घरी काही सांगू नका, असं नाथानं विनवलं. पण दिवस मावळायच्या आत योगिता साखराबाईकडं गेली आणि चक मीच बसवून दिला होता, हे सांगून टाकलं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नाथाचं मी बघते. तू उद्या दुकान उघड."

तिनं उघडलं. पण ग्राइंडरवर चक ती आता कुणालाच बसवून देत नाही. ती विहिरीतली हकीकत सांगते. काही जण ऐकतात, काही जण रागानं दुसऱ्या दुकानात जातात. ते गेले की तिचं कामात मन लागत नाही. फोन वाजला तर त्यांच्यातल्याच कुणाची वाईट बातमी नसेल ना, म्हणून उचलायला गेलेला हात मध्येच थांबतो, आणि नाव बघायला तिला थोडा वेळ लागतो.